कापलेल्या बातमीची नक्कल

खरबडीच्या वाचनालयात आठवड्याला एकच वर्तमानपत्र येई, आणि तेही धड येत नसे. पुण्याहून निघालेलं साप्ताहिक मंगळवारी चुडाव्याच्या स्टेशनावर उतरे. अनंतराव मास्तर ते बगलेत मारून तीन कोस चालत येत आणि घरी नाही, वाचनालयातही नाही, तडक पोलीस ठाण्यात जात. हुकूमच तसा होता. निजामाच्या मुलखाबाहेरचा पेपर गावानं वाचण्याआधी ठाण्याच्या अमीनसाहेबांनी तपासायचा. आता अमीनसाहेबांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, ही गोष्ट हुकूम काढणाऱ्याच्या गावीही नव्हती. मग तपासायचा कसा? तर ज्याच्यावर संशय, त्यानंच तपासायचा! मास्तरांनी समोर स्टुलावर बसून पेपर मोठ्यानं वाचायचा, ओळीओळीचं उर्दूत सांगायचं, साहेब 'बस' म्हणाले की तिथं थांबायचं आणि तेवढी बातमी कात्रीनं कापून त्यांच्या हातात द्यायची. कात्रीसुद्धा मास्तरांचीच, म्हणजे खरं तर त्यांच्या बायकोची.

"निदान सरकारच्या खर्चानं धार तरी लावून आणा," सुमंगलाबाई म्हणत. "माझी खणाची चोळी राहिली बाजूला, तुमचीच बेतायची कामं चाललीत."

मास्तर कात्री पुसून कोटाच्या खिशात ठेवत. तीस वर्षं सरकारी शाळेत उर्दूतून भूगोल शिकवून ते पेन्शनीत निघालेले. मराठी मुलांना त्यांच्याच गावच्या नदीचं नाव उर्दूत घोकायला लावण्यात उभा जन्म गेला. आता म्हातारपणी चार माणसांना त्यांच्या भाषेत काही वाचायला मिळावं म्हणून देवळाच्या ओवरीत हे वाचनालय काढलं, तर हे कापाकापीचं काम गळ्यात पडलं. पण कापलेला का होईना, पेपर येतो तरी; नाही म्हटलं तर तोही बंद. असं मनाशी म्हणत त्यांनी दोन वर्षं काढली होती.

अमीनसाहेब माणूस वाईट नव्हता. केसांच्या तेलाच्या आणि खोकल्याच्या औषधाच्या जाहिराती तो मन लावून ऐके, एखादी आवडली तर पुन्हा वाचायला लावी. पण वरून आलेला एक कागद त्याच्या टेबलावरच्या काचेखाली होता. त्यावर दहाबारा शब्द लिहिलेले. सत्याग्रह, सत्याग्रही, परिषद, जबाबदार राज्यपद्धती, असेच. यातला शब्द कानावर आला की 'बस'. पुढं काय लिहिलंय, बाजूनं की विरुद्ध, त्याच्याशी कर्तव्य नाही. कापलेला तुकडा मग मुन्शी बन्सीधर एका जाड मिसलीत, म्हणजे सरकारी कागदांच्या बाडात, खळ लावून चिकटवी, नंबर घाली आणि खाली मास्तरांची सही घेई. कापलेल्या बातमीच्या मागच्या बाजूचा मजकूर फुकटच जाई. एकदा पंचांगाचा अर्धा आठवडा असाच गेला आणि गावानं एकादशी अंदाजानं केली.

एकोणचाळीस सालचा मे महिना होता, तारीख नऊ. मास्तर वाचत वाचत तिसऱ्या पानावर आले. मथळा होता, 'सत्याग्रही कैद्यांची यादी'. खाली बारीक टाइपात नावांच्या तीन उभ्या रांगा.

"सत्याग्रही कैदियों की..." मास्तरांनी सुरुवात केली.

"बस. काटो."

मास्तरांनी कात्री चालवली. तुकडा सुटून हातात वळला, तेवढ्यात बारीक अक्षरांतला एकच शब्द डोळ्यांत शिरला: खरबडी. त्याच्या आधी काय, पुढं काय, हे दिसायच्या आत साहेबांनी तुकडा घेतला आणि तो बन्सीधरच्या खळीत गेला.

खरबडीचा एकच माणूस सत्याग्रहात गेला होता. कडूबाईचा मुंजाजी.

"हुजूर," मास्तर म्हणाले, "उसमें हमारे गांव का नाम है. एक बार देखने दो."

अमीनसाहेबानं खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं त्यांच्याकडं पाहिलं. "कटी सो खबर वापस पढते क्या, मास्टर? फिर काटे कायकू?"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तीस वर्षांच्या नोकरीनं जीभ आवरायची सवय लावली होती. ते उरलेला पेपर घेऊन बाहेर पडले.

वाचनालयाच्या पायरीवर कडूबाई बसलेलीच होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण दर मंगळवारी ती यायची. मुंजाजी दिवाळीनंतर 'बसमतला बैल बघून येतो' म्हणून जो निघाला, तो सत्याग्रह करून धरला गेला. एवढं कळलं आणि त्यानंतर सहा महिने काही नाही. कुठल्या तुरुंगात आहे, कसा आहे, आहे की नाही. ठाण्यात विचारलं तर तहसिलीत जा म्हणत. तहसिलीत विचारलं तर परभणीला जा. परभणीच्या कचेरीत कारकुनानं तिला विचारलं, "कैद्याचा नंबर सांग, मग तुरुंग सांगतो." नंबर कुठं मिळेल? तर तुरुंगात. एकट्या बाईनं, नवरा आश्रुबा चार वर्षांमागं गेलेला, शेत दिरावर टाकून या चकरा मारल्या होत्या.

मास्तरांनी न सांगावं हेच शहाणपणाचं होतं. पण सहा महिने तोंडाकडं बघणाऱ्या बाईला काय न सांगायचं?

"कडूबाई, मुंजाजीचं पेपरात आलंय."

ती ताडकन उठली. "काय आलंय?"

"ते... वाचायला मिळालं नाही. कापली बातमी."

"कोनी कापली?"

कात्री मास्तरांच्या कोटाच्या खिशातून अर्धी बाहेर आलेली होती.

"तुमी कापली?" कडूबाईचा आवाज चढला. "मास्तर, माज्या लेकराची बातमी तुमच्या हातात आली, आन तुमी वाचायच्या आदी कापली? आदी वाचावं का न्हाई मानसानं? तुमाला येतंय की वाचता! मला येत न्हाई, माजं ठीक हाय!"

हे मात्र मास्तरांना झोंबलं. अमीनसाहेबाला येत नाही म्हणून तो कापतो, कडूबाईला येत नाही म्हणून ती विचारते. आपल्याला येतं, आणि आपण?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या तुकड्याचा पिच्छा पुरवला. आधी परभणीच्या वाचनालयात जाऊन त्याच अंकाची प्रत मागितली. तिथल्या ठाण्यानं तिसरं पान सबंधच काढून घेतलं होतं, कापत बसण्याचा कंटाळा म्हणून. मग पुण्याला पत्र टाकलं. ते कुठंतरी फोडलं गेलं असणार, कारण उत्तर काही आलं नाही. मग पुन्हा ठाण्यात. अमीनसाहेब दौऱ्यावर. बन्सीधर मिसलीवर हात ठेवून बसलेला, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा.

"मुन्शीजी, एक ओळ. फक्त एक ओळ बघायची."

"मास्तरसाहेब, माझं डोकं नका खाऊ," बन्सीधर वैतागून म्हणाला. "मिसलीतला कागद असा कुणालाही दाखवता येत नाही. पाहिजे तर कायद्यानं नक्कल मागा."

हे त्यानं नुसतं कटवण्यासाठी म्हटलं होतं. पण मास्तर जागच्या जागी थबकले.

नक्कल! निजामाच्या राज्यात काही मिळो न मिळो, नक्कल मिळायची. शेताच्या खटल्याची, वाटणीपत्राची, मेलेल्या माणसाच्या जबाबाची. ज्याचा त्या कागदाशी संबंध, त्यानं स्टांपाच्या कागदावर अर्ज करायचा आणि सरकारनं शिक्का मारून खरी प्रत द्यायची. आणि या कागदाशी संबंध कुणाचा? प्रत्येक तुकड्याखाली 'यांच्याकडून जप्त' म्हणून सही कुणाची? इतके दिवस ज्या सह्या करताना लाज वाटत होती, त्या पहिल्यांदाच कामाच्या वाटल्या.

अर्ज झाला, उर्दूत, झोकदार. बन्सीधरनं तो तीनदा वाचला, चूक सापडली नाही तेव्हा कपाळावर हात मारून घेतला आणि मंजुरीसाठी परभणीला पाठवला. तिथं तो चार दिवस पडला. कारण काय? तर अर्जावर इंग्रजी तारीख होती, सरकारी फसली सनाची नव्हती. मास्तर स्वतः जाऊन तारीख बदलून आले. मग मंजूर करणारे साहेब लग्नाला गेलेले. मग शिपायानं अर्ज चुकीच्या ठाण्याला नेऊन दिला. रोज संध्याकाळी कडूबाई ओवरीत येऊन उभी राही आणि मास्तर म्हणत, "उद्या." पुढं पुढं ती विचारीनाशी झाली, नुसती उभी राहून परत जाई. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

तेवीस तारखेला मंजुरी आली. बन्सीधरनं मिसल उघडली, नवा कागद घेतला, दौतीत टाक बुडवला आणि थांबला. समोरचा तुकडा मराठीत होता. नक्कल ठाण्यातच करायची, आणि ठाण्यात मराठी लिहिता-वाचता येणारं कुणी नव्हतं.

त्यानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं.

"बसा," बन्सीधर हात टेकून म्हणाला. "तुम्हीच लिहा."

म्हणजे आधी मास्तरांनीच वाचायचं, मास्तरांनीच कापायचं आणि शेवटी सरकारी शाईनं मास्तरांनीच उतरून घ्यायचं! एवढ्यासाठी चौदा दिवस गेले होते. हसावं की कात्री मिसलीत खुपसावी, त्यांना कळेना. ते लिहायला बसले. मथळ्याखाली दोन ओळी होत्या, ज्या त्या दिवशी वाचायच्या राहिल्या होत्या. त्या त्यांनी दोनदा वाचल्या आणि मग सगळं एका दमात उतरवून काढलं.

तुरुंगखात्याची जाहीर नोटीस होती ती. सरकारचीच! आजारी सत्याग्रही कैद्यांना सोडण्यात येत आहे, नातेवाइकांनी चौदा ते वीस मे या दिवसांत तुरुंगाच्या दाराशी येऊन त्यांना घेऊन जावे. खाली सत्तावीस नावं. अकरावं, मुंजाजी आश्रुबा, मुक्काम खरबडी. निजामाबादच्या पुढच्या एका तुरुंगाचं नाव.

वीस तारीख जाऊन तीन दिवस झाले होते.

तेवढ्यात अमीनसाहेब आत आला. मास्तर उठून उभे राहिले आणि त्यांनी ती नोटीस पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत उर्दूत सांगितली. मध्ये 'सत्याग्रही' आलं तेव्हा साहेबाचा हात उचलला गेला, पण मास्तर थांबले नाहीत. सगळी सत्तावीस नावं सांगितली.

साहेबानं काचेखालच्या कागदाकडं पाहिलं. "ये तो अपनी सरकार की नोटीस है," तो म्हणाला. "उस दिन बोले क्यूं नै, मास्टर?"

"हुजूर, आप 'बस' बोले."

साहेबानं नक्कल पुढं ओढली, सही केली, बन्सीधरला शिक्का मारायला लावला. मास्तर दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला, जरा ओशाळा, "लेकिन वो लफ्ज आया तो अगली बार भी काटनाच पडता. हुकूम है."

मास्तरांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

नक्कल त्यांनी वाचनालयाच्या दारावर डकवली. सरकारी शिक्क्याचा कागद, फाडायची कुणाची छाती होती? यादीत चुडाव्याचा एक होता, पूर्णेचे दोन, बाकी दूरदूरचे. सुमंगलाबाईंनी बाकीच्या सगळ्यांच्या गावी पोस्टकार्डं लिहायचं अंगावर घेतलं. त्यांचं अक्षर मास्तरांपेक्षा चांगलं होतं, आणि राग तर कितीतरी चांगला. मास्तर कडूबाईला घेऊन त्याच दिवशी गाडीत बसले.

तुरुंगाच्या दारावरच्या कारकुनानं नोटीस वाचली आणि परत दिली. "मुदत संपली."

"मुदत संपली म्हणजे माणूस संपला का?" मास्तर ओरडले. तीस वर्षं आवरलेली जीभ अखेर सुटली. "आजारी म्हणून सोडता ना? मग वीस तारखेनंतर तो बरा झाला का? की तुमचा विचार बदलला?"

कारकून घाबरला नाही, पण कंटाळला. नवा अर्ज करा म्हणाला. अर्ज, जामीन, डॉक्टरचा दाखला, दाखल्यावर सही. पाच दिवस ती दोघं धर्मशाळेत राहिली. सहाव्या दिवशी लहान दार उघडलं आणि मुंजाजी बाहेर आला. दोन शिपायांच्या आधारानं आला. गडी केवढा दांडगा होता, आता अंगावरचा सदरा काठीवर घातल्यासारखा दिसत होता. कडूबाईनं त्याला छातीशी धरलं आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जणू कुठं काही कमी पडलंय का ते चाचपत होती.

गाडीत त्याला खिडकीशी आडवं केलं. नांदेड मागं पडल्यावर तो बोलला.

"आई, सात दिस मला रोज दाराशी आनून बसवायचे. सकाळपसून. दुसऱ्यांचे लोक यायचे, नाव पुकारायचे, घेऊन जायचे. दिस बुडला की मला परत आत न्यायचे. सातव्या दिशी म्या एकटाच उरलो." तो थोडा थांबला. "मला वाटलं, तू रागावलीस. न सांगता गेलो म्हनून. म्हनलं, बरूबर हाय तिचं."

कडूबाई नुसती मान हलवत राहिली, नाही, नाही, नाही.

मास्तरांना खिडकीबाहेर बघत बसता आलं असतं. कडूबाईनं त्यांचं नाव घेतलं नव्हतं, आणि घेणारही नव्हती. तेच त्यांना सहन झालं नाही.

"मुंजाजी," ते म्हणाले, "तिला ठाऊकच नव्हतं रे. नऊ तारखेलाच पेपरात आलं होतं. ती बातमी मी कापली. या हातानं."

मुंजाजी त्यांच्याकडं पाहत राहिला. रागानं नाही, रागवायलाही अंगात बळ लागतं. "तुमी तर आमाला वाचाया शिकवलं, मास्तर," एवढंच तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

चुडाव्याला उतरले तेव्हा मंगळवार होता. गाडी गेली. मुंजाजीला लिंबाखाली बसवलं, दीर बैलगाडी घेऊन यायचा होता. फलाटावर पाचपंचवीस माणसं होती: पूर्णेकडं जाणारे, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, दोन रेल्वेचे खलाशी. स्टेशनावरच्या हमालानं नेहमीसारखं दोरी बांधलेलं पुण्याचं पुडकं आणून मास्तरांच्या हातात दिलं.

मास्तर ते बगलेत मारून ठाण्याच्या वाटेला लागायचे, आज लागले नाहीत. तपासण्याआधी वाचला तर वाचनालयाला कुलूप लागणार, हे त्यांना पाठ होतं. पेन्शन बंद होईल. कदाचित मुंजाजी ज्या दारातून आला त्याच दारातून आपल्याला आत जावं लागेल. सुमंगला काय म्हणेल? ती म्हणेल, इतके दिवस कशाची वाट पाहत होतात.

त्यांनी दोरी सोडली आणि पेपर उलगडला. इतका सबंध पेपर त्यांनी किती दिवसांत पाहिला नव्हता. ते फलाटावरच्या बाकड्यावर चढून उभे राहिले. माणसं वळून बघू लागली. मास्तरांची नजर सवयीनं पानावरून भराभर फिरली, कुठं कुठला शब्द आहे ते शोधत.

"सगळं वाचा, मास्तर," लिंबाखालून कडूबाई म्हणाली. लेकाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. "मदलं काई सोडू नका. कोनाचं काय आसंल, कोनाला ठावं?"

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.